कॅज्युअल्टीतली साधी गोळी

न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स भागात दोन आपत्कालीन विभागांमध्ये २०१५-१६ या काळात एक चाचणी झाली. हातापायाला मार लागून आलेले, एक्स-रे काढावा लागेल इतके दुखत असलेले ४१६ प्रौढ रुग्ण तिच्यात होते. चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार गट केले गेले. एका गटाला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल मिळाले. बाकीच्या तीन गटांना अफूच्या कुळातले एकेक औषध पॅरासिटामॉलच्या जोडीने दिले गेले: एकाला ऑक्सिकोडोन, दुसऱ्याला हायड्रोकोडोन, तिसऱ्याला कोडीन. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि त्याला दुखणे विचारणाऱ्यालाही नव्हते. किती दुखते, याचा आकडा शून्य ते दहाच्या मापात रुग्णाने स्वतः सांगायचा होता. सुरुवातीला सगळ्यांचा सरासरी आकडा ८.७ होता, म्हणजे दुखणे किरकोळ नव्हते. बऱ्याच जणांना लचक होती आणि साधारण पाचव्या हिश्शाचे हाड मोडलेले होते. दोन तासांनी आकडे पुन्हा घेतले. साध्या गोळ्यांच्या गटात वेदना ४.३ ने उतरली होती, ऑक्सिकोडोनच्या गटात ४.४ ने, हायड्रोकोडोनच्या ३.५ ने आणि कोडीनच्या ३.९ ने. रुग्णाला फरक खरोखर जाणवण्यासाठी हे अंतर निदान १.३ असावे लागते. कोणत्याही दोन गटांत ते तेवढे नव्हते. अँड्र्यू चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

या निकालाची बातमी झाली, आणि ती झाली याचाच मला अधिक विचार करावासा वाटतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतात, कोडीन कुलपात असते, तेव्हा कोडीन जास्त जोरकस असणार, असे डॉक्टरांपासून रुग्णांपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. पण या औषधांची ताकद मोजून कोणी त्यांना खालच्या पायरीवर बसवले नव्हते. त्यांची जागा ठरवली ती अमली पदार्थांच्या कायद्यांनी, दुकानातल्या विक्रीने, शल्यविशारदांच्या जुन्या शिकवणीने आणि पुढे कॅन्सरच्या रुग्णांसाठी आखलेल्या एका तक्त्याने. आपत्कालीन विभागात प्रत्यक्ष मोजमाप सुरू झाले तेव्हा हा क्रम अनेक ठिकाणी टिकला नाही. म्हणून औषध निवडताना त्याची पायरी पाहू नये. दुखणे कशामुळे आहे आणि समोरच्या माणसाचे पोट, मूत्रपिंड, यकृत आणि रक्त काय सोसू शकते, हे पाहावे, असे माझे म्हणणे आहे. ते म्हणणे इतिहासाच्या आधाराने मांडायचे तर सुरुवात तापापासून करावी लागते.

आज ज्यांना आपण साधी वेदनाशामके म्हणतो त्यांतली जुनी औषधे वेदनेसाठी शोधलेलीच नव्हती. इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टन गावचे पाद्री एडवर्ड स्टोन यांनी विलोच्या झाडाची साल वाळवून, कुटून हिवतापासारख्या तापाच्या सुमारे पन्नास रुग्णांना दिली आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्याची हकीकत कळवली. त्या सालीतले सॅलिसिन १८२८ मध्ये म्युनिकला योहान बुखनर यांनी वेगळे केले. १८७६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीमधले थॉमस मॅक्लॅगन यांनी ते सांधेतापात वापरले, तेव्हा तापाबरोबर सांध्यांचे ठणकणेही थांबते हे ठळकपणे नोंदले गेले. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केले आणि दोन वर्षांनी ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले. पॅरासिटामॉलच्या घराण्याची कथा याहून वळणाची आहे. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्गला आर्नोल्ड कान आणि पॉल हेप हे दोन तरुण डॉक्टर जंतांवर नॅप्थॅलिन देऊन पाहत होते. औषधाच्या दुकानातून चुकून वेगळीच भुकटी आली. जंतांवर काही परिणाम झाला नाही, पण रुग्णाचा ताप उतरला. ती भुकटी ॲसिटॅनिलाइडची होती. तिने ताप उतरे, दुखणे थांबे, पण ओठ आणि नखे निळी पडत, कारण रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता ती कमी करी. तिच्या जागी १८८७ मध्ये फिनॅसिटिन आले. पॅरासिटामॉल तेव्हाही रसायनशास्त्रज्ञांना माहीत होते. जर्मनीत योसेफ फॉन मेरिंग यांनी १८९३ मध्ये ते रुग्णांना देऊनही पाहिले, पण त्यानेही रक्त बिघडते असा निष्कर्ष काढून ते बाजूला ठेवले. हा निष्कर्ष पुढे अर्धशतक कोणी तपासला नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी दाखवले की ॲसिटॅनिलाइड शरीरात गेल्यावर त्याचे पॅरासिटामॉल बनते, वेदना शमवण्याचे काम तेच करते, आणि रक्त बिघडवणारा भाग वेगळाच असतो. म्हणजे साठ वर्षे लोक पॅरासिटामॉलचाच गुण घेत होते, फक्त विषारी वाटेने. दरम्यान फिनॅसिटिनच्या मिश्र गोळ्या वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. स्वित्झर्लंडमधून १९५३ मध्ये तशी नोंद प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या बाजूला अफूचे घराणे. मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर यांनी अफूपासून वेगळे केले आणि कोडीन १८३२ मध्ये पॅरिसला रोबिके यांनी. एकोणिसाव्या शतकात ही दोन्ही घराणी औषधविक्रेत्याच्या एकाच फळीवर होती. त्यांची फारकत केली ती कायद्याने. अमेरिकेत १९१४ चा हॅरिसन कायदा आला, ब्रिटनमध्ये १९२० चा घातक औषधांचा कायदा आला, हिंदुस्थानात १९३० मध्ये तशाच नावाचा कायदा झाला, आणि अफूची औषधे नोंदवह्या, सह्या आणि कुलपे यांच्या आड गेली. त्याच सुमारास ॲस्पिरिन चिठ्ठीविना विकले जाऊ लागले. हे कायदे व्यसनाच्या भीतीपोटी झाले आणि ती भीती खरी होती. पण त्यांचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. कुलपातले ते जालीम आणि काउंटरवरचे ते किरकोळ, असा समज लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात बसला. कायदा औषधाच्या धोक्यावर बोलत होता, त्याच्या गुणावर नव्हे. धोक्याचे मापही देशागणिक बदलत गेले. आपल्याकडे ॲनाल्जिन नावाने घरोघरी माहीत असलेले मेटामिझोल पांढऱ्या पेशी एकाएकी घटवू शकते म्हणून स्वीडनने १९७४ मध्ये आणि अमेरिकेने १९७७ मध्ये बाजारातून काढले. जर्मनी आणि ब्राझीलमध्ये ते आजही सर्रास दिले जाते. भारत सरकारने त्याची विक्री जून २०१३ मध्ये थांबवली आणि २०१४ मध्ये अटी घालून पुन्हा सुरू केली. या सगळ्या काळात औषध एकच होते आणि त्याचा गुणही तोच होता.

इस्पितळाच्या दाराशी तर दुखणे थांबवण्याचा प्रश्न बराच काळ दुय्यम होता. ब्रिटनमध्ये ज्याला कॅज्युअल्टी म्हणत, आणि मुंबई-पुण्यात आजही म्हणतात, त्या विभागाला स्वतःचा तज्ज्ञ नव्हता. कनिष्ठ डॉक्टर तिथे पाळीने बसत आणि अंतिम शब्द शल्यविशारदाचा असे. लीड्सला मॉरिस एलिस १९५२ मध्ये कॅज्युअल्टीचे पहिले पूर्णवेळ कन्सल्टंट झाले. भारतात आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून २००९ मध्ये मान्य झाली. या मधल्या काळात शल्यविशारदांची एक शिकवण कॅज्युअल्टीवर राज्य करत होती. झकरी कोप यांचे तीव्र पोटदुखीच्या निदानावरचे छोटे पुस्तक १९२१ मध्ये निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ते वाचले. निदान होण्याआधी मॉर्फिन दिले तर लक्षणे झाकली जातील, म्हणून आधी हात ठेवून पाहा, ठरवा, मगच दुखणे थांबवा, असा त्याचा सांगावा होता. ज्या काळात सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन नव्हते, पोटावर ठेवलेला हात हेच मुख्य यंत्र होते आणि मॉर्फिन भरमसाट मात्रेत टोचले जाई, त्या काळात हा सल्ला शहाणपणाचा होता. पण परिस्थिती बदलली तरी सल्ला तसाच राहिला, आणि पोटदुखीपुरता असलेला नियम मोडलेल्या हातापर्यंत पसरला. १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अटार्ड आणि सहकाऱ्यांनी तीव्र पोटदुखीच्या शंभर रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींना लवकर अफूजन्य वेदनाशामक टोचले होते, काहींना नुसते सलाईन. औषध मिळालेल्यांच्या निदानात चुका वाढल्या नाहीत. कोप यांच्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांनी जुनी शिकवण सोडून दिली. तोवर सत्तर वर्षे गेली होती. त्या काळात किती दुखणे विनाकारण सोसले गेले असेल, याची थोडीशी कल्पना १९८९ च्या एका अमेरिकन पाहणीवरून येते. विल्सन आणि पेंडलटन यांनी वेदना घेऊन आलेल्या आणि पुढे दाखल झालेल्या १९८ रुग्णांचे केसपेपर तपासले, तेव्हा ५६ टक्क्यांना आपत्कालीन विभागात कोणतेही वेदनाशामक मिळालेले नव्हते. मॉर्फिन नाही दिले, ते भीतीने. पण गोळीही दिली नाही, कारण गोळी ही घरी जाताना लिहून द्यायची गोष्ट होती.

मोजमापाची वाट मात्र खुली झालेली होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना आढळले की गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुसंख्य जण विचारले तरी मॉर्फिन मागत नव्हते. जखमेचा आकार आणि वेदनेचा आकार यांचे सरळ नाते नाही, हे त्यांनी १९४६ मध्ये लिहिले आणि पुढे आयुष्यभर औषधाची तुलना रिकाम्या गोळीशी करण्याचा आग्रह धरला. त्याच परंपरेतला एक प्रयोग माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा आहे, आणि तो जवळजवळ विस्मरणात गेला. मेयो क्लिनिकमधले चार्ल्स मोर्टेल आणि सहकारी यांनी कॅन्सरमुळे दुखणाऱ्या ५७ रुग्णांना बाजारात मिळणारी नऊ वेदनाशामके आणि रिकामी गोळी, प्रत्येकाला आळीपाळीने, एकेकच मात्रा देऊन पाहिली. निकाल १९७२ मध्ये आला. ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सर्वांत वर होते, कोडीनच्याही वर. प्रोपॉक्सिफीन, ज्याचा त्या काळात अमेरिकेत प्रचंड खप होता, रिकाम्या गोळीहून सरस ठरले नाही. या औषधाच्या अतिमात्रेने मृत्यू होत असल्याने ब्रिटनने २००५ मध्ये त्याची मिश्र गोळी मागे घ्यायचे ठरवले. ताकद सिद्ध नाही आणि धोका मोठा, असे औषध इतकी वर्षे ‘साध्या गोळीपेक्षा जोरदार’ म्हणून लिहून दिले जात होते.

एवढे ठाऊक असूनही १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन पायऱ्यांचा तक्ता काढला: आधी पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिनसारखे औषध, मग कोडीनसारखे सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन. त्या तक्त्यामागचा हेतू मनापासून आदर करावा असा होता. जगातल्या गरीब देशांत कॅन्सरचे रुग्ण मॉर्फिनअभावी तळमळत मरत होते, आणि डॉक्टरांना व सरकारांना पटेल असा छोटा, खेड्यापाड्यात पाठ करता येईल असा नियम हवा होता. वरच्या पायरीपर्यंत जायला घाबरू नका, हा त्याचा मूळ संदेश. महिनोन्‌महिने चालणाऱ्या आणि वाढत जाणाऱ्या दुखण्यासाठी तो केलेला होता. तो पाठ्यपुस्तकांतून आपत्कालीन विभागात आला तेव्हा मात्र त्याचा अर्थ पालटला. दुखणे थोडे तर खालची पायरी, दुखणे जास्त तर वरची, असा तो वाचला जाऊ लागला. मधल्या पायरीवरचे कोडीन पहिल्या पायरीवरच्या औषधाहून श्रेष्ठ आहे हे गृहीत होते, आणि मोर्टेल यांनी नेमके तेच तपासून खोडून काढले होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पुढे शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरच्या चाचण्या एकत्र केल्या. किती जणांना औषध द्यावे म्हणजे रिकाम्या गोळीच्या तुलनेत आणखी एकाची वेदना निम्म्यावर येईल, हे त्यांनी काढले. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसाठी तो आकडा सुमारे अडीच आला. ६० मिलिग्रॅम कोडीन एकटे दिले तर सुमारे बारा. कोडीनच्या अपयशाचे एक कारण शरीरातच आहे. यकृतातले एक विकर त्याचे मॉर्फिन करते, तेव्हाच ते गुण देते. काही माणसांत ते विकर जवळपास नसते, त्यांना काहीच मिळत नाही. काहींत ते अतिवेगाने चालते. टॉन्सिल काढल्यानंतर कोडीन दिलेल्या काही मुलांचे मृत्यू यामुळेच झाले आणि अमेरिकेने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्यास मनाई केली.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत लंबक दुसऱ्या टोकाला गेला, आणि तो जाण्यामागे खरा अन्याय होता. नॉक्स टॉड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की लॉस एंजेलिसमधल्या एका आपत्कालीन विभागात हातापायाचे लांब हाड मोडलेल्या हिस्पॅनिक रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना एकही वेदनाशामक मिळाले नाही, तर गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण २६ टक्के होते. वेदना हे नाडी-तापमानाप्रमाणे पाचवे महत्त्वाचे लक्षण मानावे, अशी मोहीम निघाली. तिच्या मागोमाग १९९६ मध्ये दीर्घकाळ चालणाऱ्या ऑक्सिकोडोनची धडाक्यात विक्री सुरू झाली. दुखणे दुर्लक्षिले गेले, याचे उत्तर वरच्या पायरीची गोळी असे ठरले, कारण पायऱ्यांचा क्रम कोणी तपासलाच नव्हता. पुढे व्यसन आणि मृत्यूंची जी लाट आली तिची कारणे अनेक आहेत. आपत्कालीन विभागाच्या चिठ्ठ्या हा त्यातला एक भाग. पण त्या धक्क्यानेच तिथल्या डॉक्टरांना साध्या गोळ्या पुन्हा मोजून पाहायला लावल्या. कॅनडात २००७ मध्ये मार लागलेल्या ३०० मुलांत आयबुप्रोफेन कोडीनहूनही आणि पॅरासिटामॉलहूनही सरस ठरले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्याच गटाने कंबरदुखीच्या ३२३ रुग्णांपैकी काहींना नेप्रॉक्सेनबरोबर ऑक्सिकोडोन जोडून पाहिले. आठवड्याने त्याचा काही वाढीव फायदा दिसला नाही.

मुतखड्याच्या कळा हे यातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. माणूस एका कुशीवर पडू शकत नाही, घाम फुटतो, उलट्या होतात. या दुखण्याला कोणीही तिसऱ्या पायरीवर बसवेल. पण खडा मूत्रवाहिनीत अडकतो तेव्हा मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, तिथला रक्तप्रवाह वाढतो, लघवी आणखी बनते, तुंबलेल्या जागेत दाब चढत जातो आणि वाहिनी आवळली जाते. ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे हीच द्रव्ये बनू देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मॉर्फिन मेंदूपर्यंत जाणारी वर्दी मंद करते. ॲस्पिरिनच्या जातीचे डायक्लोफेनॅक कळेचे मूळच आवरते. कतारमधल्या दोहाच्या हमाद जनरल हॉस्पिटलमध्ये १६४५ रुग्णांवर झालेली आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी याला दुजोरा देते. अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर आली असे डायक्लोफेनॅकच्या ६८ टक्के, शिरेतून दिलेल्या पॅरासिटामॉलच्या ६६ टक्के आणि मॉर्फिनच्या ६१ टक्के रुग्णांत झाले. उलट बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात १६०० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत साध्या कंबरदुखीवर पॅरासिटामॉल रिकाम्या गोळीपेक्षा काडीमात्र उपयोगी ठरले नाही. एकच औषध मुतखड्यात मॉर्फिनच्या बरोबरीने उभे राहते आणि कंबरेत हरते, ही गोष्ट कोणत्याही पायरीत बसत नाही.

या मांडणीवर रास्त आक्षेप आहेत. पहिला ब्राँक्सच्या चाचणीवरच. तिच्यात रिकाम्या गोळीचा गट नव्हता, अफूजन्य औषधांच्या मात्रा लहान होत्या आणि दोन तासांपुढचे काही मोजले नाही. हे खरे आहे. चार औषधे सारखी ठरली याचा अर्थ चारही उत्तम, असा होत नाही. सुमारे पाचातल्या एका रुग्णाला वरून आणखी औषध द्यावे लागले. पण त्या मात्रा चाचणीसाठी मुद्दाम लहान केलेल्या नव्हत्या, अमेरिकेत रोज याच मात्रेत त्या गोळ्या लिहिल्या जात होत्या. प्रश्न रोजच्या चिठ्ठीचा होता आणि उत्तर तिलाच लागू आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्या इस्पितळांत मुळात कमी वेदनाशामक दिले जाते तिथे ‘साधी गोळी पुरते’ हा निष्कर्ष चिक्कूपणाला निमित्त देईल. मांडीचे हाड मोडलेला, भाजलेला, यंत्रात हात सापडलेला माणूस यांना मॉर्फिन, केटामिन किंवा नस बधिर करणारे इंजेक्शन तातडीने हवे, त्यात वाद नाही. वेदना पाहून पायरी ठरवू नये, हे म्हणणे दोन्ही बाजूंनी लागू होते. ज्याला मॉर्फिन हवे त्याला आधी गोळी देऊन तासभर वाट पाहायला लावणे हीसुद्धा पायऱ्यांचीच आज्ञा पाळणे आहे. तिसरा आक्षेप साध्या औषधांच्या अपायांचा. पॅरासिटामॉलच्या अतिरेकाने यकृत मरते, हे १९६६ मध्येच ब्रिटनमधून कळले. एडिनबर्गला लॉरी प्रेस्कॉट यांनी सत्तरच्या दशकात त्यावर ॲसिटिलसिस्टीनचा उतारा रूढ केला, आणि ब्रिटनने १९९८ मध्ये पाकिटातल्या गोळ्यांची संख्याच कमी केली. आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक पोटात रक्तस्राव करतात, म्हाताऱ्या किंवा पाणी आटलेल्या शरीरात मूत्रपिंडे बंद पाडतात. त्यांचीच बहीण असलेले रोफेकोक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४ मध्ये बाजारातून गेले. हा आक्षेप मला मान्यच आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळ देतो. ‘खालची पायरी’ म्हटले की हात सैल सुटतो. रुग्णाला काही न विचारता सुई टोचली जाते, ती याच भरवशावर.

आपल्याकडे ती तशी का टोचली जाते, यालाही इतिहास आहे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता, आणि त्याखालच्या परवान्यांची संख्या इतकी, की इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढच्या दशकभरात देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे झगडून २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली, पण जिल्ह्याच्या इस्पितळातल्या कपाटात मॉर्फिन आपोआप आले नाही. ती जागा डायक्लोफेनॅक आणि ट्रामाडॉलने घेतली होती, आणि ट्रामाडॉलही एप्रिल २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली आले. म्हणून तालुक्याच्या कॅज्युअल्टीत मुरगळलेला पाय, मुतखडा, डोकेदुखी आणि तापातली अंगदुखी या सगळ्यांना कमरेत डायक्लोफेनॅकचे एकच इंजेक्शन मिळत आले. मुतखड्यात ते अचूक औषध आहे. तिथे आपल्या टंचाईने आपल्याला योगायोगाने बरोबर जागी नेले. पण पावसाळ्यात ताप आणि मोडलेले अंग घेऊन आलेल्या माणसाला डेंगी असू शकतो. तिथे प्लेटलेट्स घटलेल्या असतात, आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही तिन्ही रक्तस्राव वाढवू शकतात. त्याला हवे पॅरासिटामॉल, आणि स्नायूत सुई नको. घोणस चावलेल्याचे रक्त गोठत नाही आणि मूत्रपिंडे धोक्यात असतात, त्यालाही हेच लागू. हे औषध मूत्रपिंडांचे काय करू शकते याची सर्वांत भयंकर साक्ष माणसांच्या इस्पितळाबाहेर मिळाली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन उपखंडातली गिधाडे जवळजवळ संपली. २००४ मध्ये कारण सापडले, २००६ मध्ये गुरांसाठीचे उत्पादन थांबवले, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. अखेर २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकण्याचे बंधन आले.

कोकणातल्या विंचूदंशाचा अनुभवही इथे उपयोगी आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ऐंशीच्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि मृत्यूंचे प्रमाण कमालीचे खाली आणले. त्यासाठी त्यांनी आधी रुग्ण बारकाईने पाहिले: ओकारी, घाम, थंड पडलेले हातपाय ही विष अंगभर गेल्याची चिन्हे, आणि दंशाच्या जागी होणारी जीवघेणी आग ही निराळी गोष्ट. नुसती आग होणाऱ्या रुग्णाचा आक्रोश सर्वांत मोठा असला तरी त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. तिथे बर्फ, जागा बधिर करणारे लिग्नोकेन आणि पॅरासिटामॉल यांवर भागते. आक्रोश ऐकून उपचाराची पायरी चढवणारा डॉक्टर इथे दोनदा चुकेल, ओरडणाऱ्याच्या बाबतीत आणि गप्प घामेजून पडलेल्याच्याही.

गोळी दिली तर काही दिलेच नाही असे रुग्णाला वाटते, नातेवाईक सुईसाठी हटून बसतात, असे कॅज्युअल्टीतले डॉक्टर सांगतात, आणि ते चूक सांगत नाहीत. ज्याला उलट्या होत नाहीत आणि गिळता येते त्याच्या पोटात पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेनची जोडी तासाभरात काम करू लागते. पण तो तास डॉक्टरला रुग्णाशेजारी उभे राहून काढता येत नाही, कारण बाहेर रांग असते. इंजेक्शनचा खरा फायदा अनेकदा एवढाच असतो, की काहीतरी केले गेले हे सगळ्यांना दिसते. त्याची मात्राही औषधशास्त्रापेक्षा काचेच्या कुपीने ठरते. किटोरोलॅक या डायक्लोफेनॅकच्याच जातीच्या औषधाची ब्रुकलिनच्या आपत्कालीन विभागात २४० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेतून दिलेल्या १०, १५ आणि ३० मिलिग्रॅमने अर्ध्या तासात सारखाच आराम मिळाला. दहाच्या पुढे वेदना आणखी उतरत नाही. पोट आणि मूत्रपिंडांवरचा भार तेवढा वाढतो. आपल्याकडच्या कुपीत मात्र ३० मिलिग्रॅम असते आणि ती फोडली की पूर्ण दिली जाते. सत्तरीच्या, मधुमेही, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ती देण्याआधी एक तृतीयांश मात्रा ओढून बाकीची टाकून देणे, आणि अर्ध्या तासाने त्याच्या दुखण्याचा आकडा पुन्हा विचारून केसपेपरवर आधीच्या आकड्याशेजारी लिहिणे, एवढे करायला कोणताही परवाना लागत नाही आणि कपाटाची किल्लीही लागत नाही.